हर्षा आणि लोखंडी जाळी

शामलाच्या डाव्या गालाला, डोळ्याच्या जरा खाली, एक खळगा आहे. कॉलेजात ती सॉफ्टबॉलची पिचर होती. तिनंच टाकलेला चेंडू बॅटवर आदळून सरळ तिच्या तोंडावर परत आला आणि गालाचं हाड मोडलं. बस, एवढंच झालं होतं. पण लग्नानंतर इतवारी बाजारात भांडी घ्यायला गेली, तरी एखादी बाई जवळ सरकून हळूच विचारायची, "नवरा मारते का वं?" सांगून सांगून शामलाचा जीव मेटाकुटीला यायचा.

आता ती महाल भागातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि रोज सकाळी पिचर पोरींच्या मागे लागते, "जाळी घाला गं बायांनो!" जाळी म्हणजे डोक्याला पट्ट्यांनी बांधायची, तोंडापुढे लोखंडी सळ्या असलेली. पोरी ती घरी विसरतात, झाडाला टांगतात. एकीनं तर त्यात बोरं भरून आणली होती.

सगळ्यात हट्टी हर्षा. हात असा, की चेंडू सुटलेला दिसायचा नाही, बॅटवालीमागे बसलेल्या कॅचरच्या हातात पोचल्याचा आवाजच यायचा.

"मॅडम, मले दम घुटते त्यात. अन् समोरच्या पोरी घाबरट म्हणतात."

"कॅचर घालते ना? तिले कोणी घाबरट म्हणते का?"

"तिचं वेगळं असते."

"काहून वेगळं? तिचं तोंड मासाचं अन् तुझं दगडाचं? चेंडू सोडला का तू वाकून राहते, हात खाली. ते बॅटवाली हे इथं उभी. हात वर येईपर्यंत दात पडते, माय!"

हर्षा मान डोलवायची आणि शामलाची पाठ वळली की जाळी उतरवायची.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात तिनं तेच केलं. शामलानं पंचांना सांगून खेळ थांबवला. "घालते, का बाहेर येते?"

कुही गावाहून खास सामना पाहायला आलेले हर्षाचे शेतकरी वडील धोंडबा कुंपणाबाहेरून ओरडले, "राहू द्या ना मॅडम! भिऊन कुठी खेळ होते काय?"

"धोंडबाभाऊ, फवारणी करताना तोंडाले फडकं बांधता ना?"

"बांधतो."

"मंग?"

"ते जहर असते मॅडम. हा तं बॉल आहे!"

हर्षानं जाळी उचललीच नाही. शामलानं हर्षाला बाहेर बसवलं आणि दुसऱ्या पिचरला, मिनलला, आत पाठवलं. मिनल जाळी घालायची, पण तिचा चेंडू सावकाश. समोरच्यांनी तिला धू धू धुतलं. शेवटी एक फटका असा बसला, की ठण्णकन आवाज झाला आणि मिनल मातीत बसली.

शामला धावली. जाळीची मधली सळी आत वाकली होती, नाकाला जेमतेम टेकलेली. मिनलनं डोळे उघडले.

"मॅडम, रन झाला का?"

झाला होता. सामनाही गेला.

धोंडबा तरातरा आत आले. "तुमच्या जाळीपायी फायनल गेली!"

शामलानं ती वाकलेली जाळी त्यांच्या हातात कोंबली. त्यांनी सळीवरून बोट फिरवलं. मग दोन्ही हातांनी जोर लावून ती सरळ करायला गेले. कुदळ चालवणारे हात, पण सळी हलेना.

"पण हरलो तं," शेवटी म्हणाले.

"हो गा बाप्पा, हरलो! जा आता घरी," शामला कपाळावर हात मारत म्हणाली.

पुढच्या आठवड्यात ती मैदानावर आली, तर धोंडबा हजर. हर्षाच्या डोक्यामागे उभे राहून पट्टा आवळत होते.

"बाबा, कान तुटून राहिले माझे!"

"तुटू दे. हलू नको."

शामला पाहतच राहिली. "धोंडबाभाऊ," ती वैतागून म्हणाली, "उलटी बांधली ना तुम्ही!"

आणि पट्टे सोडवायला पुढे झाली.