बार्शीच्या मेव्हण्याची मोटर

राजारामच्या दुकानासमोर दोन माणसं पिशव्या घेऊन बसली होती आणि राजाराम मागच्या दारानं पळून माझ्या ऑफिसात आला होता.

"साहेब, ती मला सोलापूरला न्ह्यायला आलीत," तो म्हणाला.

मी तेव्हा एका सहकारी संस्थेच्या पाणी योजनांवर सुपरवायझर होतो, मुक्काम तेर. दुष्काळाची वर्षं. व्होल्टेज कमी आणि पंप दिवसभर चालू, त्यामुळे मोटरी सारख्या जळायच्या. मोटरीच्या पोटात तांब्याच्या तारेचे वेढे असतात. ते जळले की काढून नवे भरायचे, याला रिवाइंडिंग म्हणतात. हे करणारे मेकॅनिक आमच्या भागात पाच-सहा.

त्या सगळ्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. मोटर जमली नाही की गिऱ्हाइकाला सांगायचं, "सोलापूरहून सामान यायचंय." मग ती मोटर दुकानाच्या मागं पोत्याखाली जायची आणि गिऱ्हाईक वाट बघायचं. यात सगळ्यांची अब्रू राहायची.

राजाराम त्यांच्यातलाच, त्यानंही तेच सांगितलं होतं. पण त्याच्या पोत्याखाली एका अख्ख्या गावाच्या पिण्याच्या विहिरीची मोटर होती. तहानलेलं गाव किती थांबणार? सरपंचांनी दोन माणसं पाठवून दिली. कुठलं सामान ते राजारामनं सोलापुरात दुकानावर दाखवायचं, ओझं हे उचलणार.

मी विचारलं, नक्की काय पाहिजे?

"सामान काय बी नको, साहेब. दोनदा भरली. चालू केली की नुसती गुरगुरतिया, तापतिया, अन् फ्यूज उडतोय. का ते कळंना."

आज मोटर झाली नाही तर ती सोलापूरच्या वर्कशॉपात जाणार होती. तिच्यामागोमाग बाकीच्या गावांचीही कामं गेली असती. मग दुकानाला कुलूप लावून पुण्यात कुणाच्या तरी हाताखाली उभं राहायचं, एवढंच त्याच्यापुढं उरलं होतं. लग्न होऊन वर्ष झालं होतं. त्याचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं.

नेमकी त्याच दिवशी आमच्या मेकॅनिक मंडळाची बैठक होती. हे मंडळ मी काढलं होतं. एकमेकांना अडचणी सांगायच्या आणि शिकायचं, अशी माझी कल्पना. पहिल्या बैठकीत नारळ फोडला, भाषण केलं आणि अडचणी विचारल्या. कुणालाच नव्हत्या. उस्मानाबादचे युनूसभाई म्हणाले, त्यांच्या हातात आलेली मोटर चालू होतेच. लष्करात गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेले कांबळे म्हणाले, अडचण एकच, चहा गार आहे. आमच्या चेअरमननी मला विचारलं होतं, हे मंडळ आहे का हळदीकुंकू?

मी राजारामला म्हटलं, मोटर बैठकीत घेऊन ये.

"त्यांच्यापुढं? त्यापरीस सोलापूरला जातो."

पण आला. मोटर हातगाड्यावर, मागून ती दोन माणसं. मोटर नजरेआड होऊ द्यायची नाही असा त्यांना हुकूम होता. राजारामनं मोटर खाली ठेवली, घाम पुसला आणि म्हणाला, "ही माझ्या मेव्हण्यानं दोनदा भरलीया. बार्शीला असतो. त्याला काय जमंना."

त्या दोघांतल्या एकानं तोंड उघडलं. मी घाईघाईनं त्याच्या हातात चहाची बशी दिली.

मेव्हण्याची म्हटल्यावर मंडळ एकदम मोकळं झालं. मोटर उघडली. युनूसभाईंनी तारेवरून बोट फिरवून सांगितलं की मेव्हण्याच्या हाताला सफाई आहे. राजारामला हसू लपवता येईना. कांबळ्यांनी ट्रॅक्टरची बॅटरी आणवली आणि शाळेतलं होकायंत्र. बॅटरी तारेला जोडून होकायंत्र आतून फिरवायचं. वेढे बरोबर जोडलेले असतील तर सुई एकदा इकडं, एकदा तिकडं अशी आळीपाळीनं वळते. एका ठिकाणी ती वळलीच नाही.

"इथं जोड उलटा मारलाय," कांबळे म्हणाले. "दोन्ही वेळेला तसाच मारला असणार. मेव्हण्याला सांगा."

युनूसभाईंनी जोड तोडून सुलटा केला. मोटर गरगर फिरली, गुरगुर बंद.

राजाराम खाली मान घालून म्हणाला, "ते सुईचं पुन्यांदा एकदा दावता का? म्हंजे, मेव्हण्याला सांगाया."

कांबळ्यांनी दाखवलं. सगळेच वाकून बघत होते. मग युनूसभाई खाकरले. "माझा बी एक मेव्हणा हाय, लातूरला. त्याच्याकडं एक मोटर पडून हाय बगा."

पुढच्या बैठकीला चार मोटरी आल्या, सगळ्या मेव्हण्यांच्या. कांबळ्यांना मेव्हणा नव्हता, त्यांनी साडूची आणली.

राजारामची मोटर मात्र त्या पहिल्या दुरुस्तीच्या दुसऱ्याच दिवशी विहिरीवर बसवली. टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला तेव्हा बायका घागरी घेऊन धावल्या. मलाही भरून आलं. सरपंचांनी विचारलं, "आलं म्हणायचं सोलापूरचं सामान?"

हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. पण राजाराम पुढं झाला.

"सामान न्हवतंच, आबा. मला जमत न्हवतं. तेरला समद्यांनी मिळून केली."

"ह्या दोघांनी काल येऊन समदं सांगितलंय," सरपंच म्हणाले. "म्हणून तर दुसऱ्या विहिरीची बी तुलाच देतो. तुला न्हाय जमलं तर इचारशील तरी."

राजाराम पुण्याला गेला नाही. मंडळं काढणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. माणसाला शिकायचं असतं, पण आपल्याला येत नाही हे चारचौघांत सांगायचं कसं, तिथं गाडी अडते. आधी ती सोय करावी. नारळ नंतर फोडला तरी चालतो.