करिष्मा ठाण्याहून परत आली
जव्हारच्या पुष्पावतीनं नाशिकची नोकरी सोडून खोडाळ्यात कॉम्प्युटर क्लास काढला, त्याला चार वर्षं झाली होती. आता सूर्यमाळला दुसरा वर्ग काढायचा होता. खोली मिळाली, लॅपटॉप आले. पण एकही मुलगी नाव नोंदवायला येईना. त्याचं कारण पुष्पावतीला ठाऊक होतं. तिची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी करिष्मा ठाण्यातली नोकरी महिन्याभरात सोडून सूर्यमाळच्याच पाड्यावर परतली होती.

शेवटी ती करिष्माच्या घरी गेली. पोरगी अंगणात नागली पाखडत होती.

"काम जमलं नाही का गं?"

"काम जमत होतं, ताई. पण मी तोंड उघडलं की सगळे हसायचे, माझ्या बोलण्याची नक्कल करायचे. तू मशीन शिकवलंस, तिथली माणसं कशी असतात ते सांगितलंच नाहीस."

क्लासच्या फलकावर पुष्पावतीनं करिष्माचाच फोटो छापला होता, तोही न विचारता.

"फलक आजच उतरवते," ती कशीबशी म्हणाली.

"उतरव. आणि वर्ग काढलास तर पोरींना हे आधी सांग."

वर्ग उघडला तेव्हा तिघीच आल्या. पुष्पावतीनं आधी ठाण्याची हकिकत सांगितली, मगच लॅपटॉप उघडले. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या दोघी परत आल्या.