पाठमोरी रश्मी

माझी रश्मी बावीस वर्षांची आहे. रंगानं काळी, कमरेनं रुंद, थेट बापावर गेलेली. आमच्या गावात, पणदऱ्यात, तिला लहानपणापासून म्हैस म्हणतात, म्हणणाऱ्यांत आमच्या भावकीतलेही आहेत. बारामतीला कॉलेजात गेली आणि मोबाइलवर अमेरिकेतल्या काळ्या बायकांची रॅप गाणी बघू लागली. मी चिडायचे, कारण कॅमेरा त्या बायकांच्या गळ्याच्या वर जातच नव्हता.

"आई, ती काय म्हणते ते ऐक तरी," रश्मी म्हणायची. "आणि बघ, अंगानं माझ्यासारखीच आहे."

मग तिनं स्वतः एक कडवं रचलं. आजीनं विटा वाहिल्या, आई कॉलेज शिकली, आता माझं ऐका, असं काहीतरी. साधंच होतं, पण म्हणताना ती ताठ उभी राहायची. शेजारचा बुद्धघोष स्वाभिमानावर रॅप करतो, भीमजयंतीला त्याची गाणी वाजतात. त्याला कडवं आवडलं. "काकू, आपल्या पोरींनी पुढं यायला पायजे," म्हणाला. त्यानं ते आपल्या गाण्यात घेतलं आणि इंदापूरकडं उजनीच्या पाण्याकाठी शूटिंग झालं.

गाणं आलं. कडव्याला आवाज रश्मीचा, ओठ पुण्याच्या एका गोऱ्या मुलीचे. रश्मी होती, पण पाठमोरी, कमरेपासून खाली.

"दादा, माझं तोंड कुठंय?"

"तोंडानं फ्रेम जड झाली असती. खालनं तू एक नंबर दिसतीस. व्ह्यूज बघ की."

पुढं त्याच्या भावाची, इंद्रजितची हळद होती. डीजेनं तेच गाणं लावलं. "रश्मे, तिकडं तोंड कर," पोरं ओरडली. ती वळली नाही. तिनं माईक घेतला आणि कडवं म्हणू लागली. डीजेवाल्या लखननं गाणं थांबवलं. मला वाटलं, आता ऐकतील.

लखन अगदी समजावून सांगितल्यासारखा म्हणाला, "ताई, ते त्या पोरीचं हाय. तुमचं मागचं."

मांडव हसला. बुद्धघोष हसला. बायकाही हसल्या. नवरदेवाच्या आईनं, केसरबाईंनी, तिच्या हातातला माईक काढून घेतला. "हळद हाय, बाई. नाचायचं तर नाच, न्हायतर बस गप."

रश्मी बसली.

आज संध्याकाळी बुद्धघोष दारात आला. नवं गाणं आहे, उद्या सकाळी इंदापूरला निघायचं. त्याला हाकलायला मी उठले, तोवर रश्मी आतून बाहेर आली.

"येते दादा," ती म्हणाली. "फक्त माझं तोंड घेऊ नकोस."

"ते कुठं घेतोय मी," बुद्धघोष म्हणाला.

जेवून ती लवकर झोपली. पहाटे उठव म्हणून मला सांगून ठेवलंय.