दुसऱ्या मजल्यावर आलेला दर्या

बाबांचा उजवा हात गेला तो वैशाखात, हंगाम संपत आलेला असताना. उरणजवळच्या आमच्या गावात, धक्क्यावर, मासळीची टोपली उचलता उचलता ती हातातून सुटली आणि पाठोपाठ तेही खाली बसले. लोकांना वाटलं, उन्हाचं झालं असेल. उचलून सावलीत नेलं तेव्हा तोंड वाकडं झालेलं दिसलं.

पनवेलच्या हॉस्पिटलातून सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. पाय सुधारतोय, म्हणाले, तोंडही सरळ होईल. हाताचं मात्र पहिल्या तीन महिन्यांत जे काय व्हायचं ते होईल, पुढे फार आशा धरू नका. तीन महिने. मी त्यांना गावी पाठवलंच नाही, सुकापूरला माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. आई आधीच गेलेली. नवऱ्याची नोकरी तिन्ही पाळ्यांची, त्यामुळे दिवसभर घरात आम्ही दोघंच, आणि दोघंही तापट.

व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी दाबायला मऊ चेंडू दिला. बाबांनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी डाव्या हाताने खिडकीतून बाहेर फेकला. "चेंडू खेलायला मी काय पोर हाय?" वर मलाच विचारलं. मी खाली जाऊन चेंडू आणला, तो त्यांनी परत फेकला. चार वेळा मी आणला. पाचव्यांदा मात्र खाली न जाता स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

त्यांना त्या हाताची लाज वाटायची, हे मला फार उशिरा कळलं. चाळीस वर्षं नाव चालवलेला माणूस. माझ्याकडे शिकवणीची मुलं आली की बाबा आतल्या खोलीत जाऊन बसायचे. कोणी पाहुणं आलं की आधी खांद्यावरचा टॉवेल शोधायचे आणि तो मांडीवर पसरून हात त्याखाली सरकवायचे. गावाहून भेटायला आलेल्या माणसांनाही तो हात दिसला नाही.

तळमजल्यावर एक चाचा राहायचे. वीसेक वर्षं आखातात एसी दुरुस्तीचं काम करून नुकतेच परतलेले, पनवेलचेच. माणूस कमी बोलणारा, पण बिल्डिंगमधलं कुठलंही बिघडलेलं यंत्र आधी त्यांच्या दारात जायचं. चेंडूची मजा त्यांनी पाहिली होती, कारण तो दोनदा त्यांच्याच गॅलरीत पडला होता. एके दिवशी जिन्यात थांबवून म्हणाले, "बेटा, माझ्याकडे एक चीज आहे. दादांना चालते का बघूया."

ती चीज म्हणजे टीव्हीला जोडायचा गेमचा कन्सोल. हातात रिमोटसारखी कांडी धरायची आणि हात हलवला की पडद्यावरचा माणूस तसाच हलतो. मुलांसाठी तिकडून आणलेला. मुलं मोठी होऊन कामाधंद्याला लागली आणि कन्सोलची लेन्स गेली. आता त्यात कुठलीच सीडी चालत नव्हती. दुसरा कोणी असता तर त्याने तो भंगारात घातला असता. चाचांनी त्यात स्वतः शिकून काहीबाही घालून असं केलं होतं, की तो सीडीऐवजी मागे जोडलेल्या छोट्या हार्ड डिस्कवरून गेम चालवायचा. लेन्स जाण्याआधीच त्यांनी सगळ्या सीडी कॉम्प्युटरमध्ये उतरवून ठेवल्या होत्या. हे सगळं ते इतक्या साधेपणाने सांगत होते, की मला वाटलं कोणालाही जमत असेल. पुढे कळलं, तसं काही नव्हतं.

ते वर आले, कन्सोल जोडला, तासभर बसले. तो तासभर बाबा टॉवेलखाली हात घालून भिंतीकडे बघत होते. चहा आला तरी डावा हात पुढे केला नाही, कारण मग उजवा का नाही असा प्रश्न आला असता. चहावर साय धरली. चाचांनी एकदाच त्या टॉवेलकडे पाहिलं आणि नंतर संपूर्ण वेळ टीव्हीच्या मागच्या वायरींमध्ये डोकं घालून बसले.

त्यानंतर ते वर आलेच नाहीत. डिस्क लहान, तिच्यावर एका वेळी दोन-तीनच गेम मावायचे. नवा हवा की जुना काढायचा. ते मला जमणारं नव्हतं, म्हणजे त्यांची पुन्हा पुन्हा ये-जा आलीच. पण चाचांनी वायफायचा डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून जिन्याच्या ग्रिलला सुतळीने बांधला, आमच्या कन्सोलवर एक छोटा प्रोग्राम चालू करायला मला शिकवलं, आणि खालच्या कॉम्प्युटरवरून गेम वर पाठवायला सुरुवात केली. सिग्नल पोचावा म्हणून टीव्ही आणि कन्सोल दोन्ही दाराजवळ, चपलांच्या रॅकशेजारी हलवावे लागले. इशारा ठरला मिस्ड कॉलचा. एक आला की पाठवायला घेतलं, दोन आले की पोचलं.

मला हा सगळा कारभार अतीच वाटला. पेन ड्राइव्ह घेऊन दोन मजले चढलं की पाच मिनिटांत काम, आणि इकडे एकेका गेमला तीन-तीन तास! एकदा मी खाली जाऊन त्यांना तसं विचारलंही. थोडं टोचूनच विचारलं, खोटं कशाला बोलू.

चाचा कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाले, "मी आलो की दादांना टॉवेल शोधावा लागतो ना."

मी वर आले. सख्ख्या मुलीच्या डोळ्यांसमोर महिनाभर चाललेली गोष्ट या माणसाने एका तासात ओळखली होती. मला स्वतःचा राग आला आणि त्यांचं इतकं कौतुक वाटलं, की त्या दिवशी जिन्यातली ती पिशवी मी उगीच हात लावून नीट केली.

पहिले दोन गेम मात्र फुकट गेले. एकात चेंडू टाकून बाटल्या पाडायच्या होत्या. बाबा म्हणाले, "उभ्या हायेत त्या आडव्या कशाला करायच्या?" दुसरा टेनिसचा. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. दीड महिना उलटून गेला होता. हाताची बोटं अजून तशीच, पाण्यात भिजत ठेवलेल्या सुतळीसारखी.

मग एका रविवारी सकाळी एक मिस्ड कॉल आला. दुपारी लाइट गेली आणि अर्धंअधिक आलेलं सगळं वाया गेलं. लाइट आली तशी चाचांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मध्ये सिग्नल तुटला, मी कन्सोल उचलून थेट उंबऱ्यावर ठेवला आणि शेजारी राखण करत बसले. संध्याकाळी दिवे लावायच्या वेळेला दोन मिस्ड कॉल आले.

मी गेम सुरू केला आणि पडद्यावर दर्या आला. निळं पाणी, छोटी होडी, होडीत एक माणूस गळ घेऊन बसलेला. बाबा पुढे सरकले. कित्येक आठवड्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "गळ हाय," ते म्हणाले. "जाळं नाय. पण चालंल." मी कांडी त्यांच्या उजव्या हातात ठेवली, बोटं एकेक करून तिच्याभोवती गुंडाळली. त्यांनी हात उचलला. उचलला! चार इंच, पण स्वतः होऊन.

आणि हात खाली आला. "आज तिथी कंची?" त्यांनी विचारलं.

मी सांगितली. आषाढ चालू होता.

"दर्या बंद हाय," बाबा म्हणाले. "पुनवेला नारळ सोडल्याबिगर आमी पाण्यात काय टाकत नाय."

मला आधी वाटलं थट्टा करतायत. थट्टा नव्हती. मी समजावलं, की हे पाणी खरं नाही, मासे खरे नाहीत, हा टीव्ही आहे. ते म्हणाले, "खोटं हाय तर मंग मला कशाला देतेस?" त्यावर मी ओरडले. तुमचे तीन महिने पुनवेपर्यंत संपतील, तेवढ्यात हात कायमचा जाईल, तुम्हाला त्याचं काहीच नाही का, असं काय काय बोलले. त्यांनी कांडी डाव्या हाताने काढून बाजूला ठेवली आणि टॉवेल ओढून घेतला. माझ्यासमोरसुद्धा.

मी रडतच चाचांकडे गेले. दिवसभर खपून पाठवलेला गेम म्हाताऱ्याने तिथी बघून नाकारला, हे सांगताना मलाच शरम वाटत होती. ते हसतील किंवा चिडतील, दोन्हीचा त्यांना हक्क होता.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "दादांचं बरोबर आहे. कोणी बघत नाही म्हणून मी रोज्यात पाणी पितो का?" मग त्यांनी विचारलं, "दर्या बंद असतो तेव्हा दादा काय करतात?"

मी आठवून आठवून सांगितलं. जाळी शिवतात. नावेला तेल लावतात. खाडीत छोटी होडी घेऊन या काठावरून त्या काठावर जातात, कोणाला सोडायचं असेल तर.

"होडी चालते?"

"होडी चालते. वल्हवायला कसली बंदी?"

चाचा उठले आणि त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मिस्ड कॉल आला आणि शिकवणी संपायच्या आत दोन.

या गेममध्ये मासे नव्हते. नुसती होडी आणि वल्हं. कांडी दोन्ही हातांनी धरायची आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाणी कापायचं. बाबांनी बराच वेळ नुसतं पाहिलं. मग म्हणाले, "ह्यो असा वल्हवतो? बुडंल मेला." आणि कांडी मागितली. उजवा हात तिच्यावर टिकेना, तेव्हा त्यांनी मला स्वतःच्या पिशवीतून जाळ्याची दोरी काढायला लावली आणि मनगट कांडीला बांधून घेतलं. गाठ कशी मारायची तेही मला शिकवलं, दोनदा चुकल्यावर शिव्या घालून.

पहिले काही दिवस सगळं डावाच हात करत होता, उजवा नुसता मागून फरफटत जायचा. होडी गोल गोल फिरायची. बाबा पडद्यावरच्या माणसाला बोल लावायचे, त्याच्या होडीला नावं ठेवायचे, पण रोज सकाळ-संध्याकाळ वल्हवायचे. हळूहळू होडी सरळ जाऊ लागली. एके दिवशी त्यांनी दोरी नको म्हणून सांगितलं. व्यायामाच्या बाईंनी हात तपासला आणि मला विचारलं, "चेंडू चालू आहे वाटतं?" मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर पहिल्यापासून सगळंच सांगावं लागलं असतं.

खाली चाचांना रोजची बातमी लागायची. जाता-येता जिन्यात विचारायचे, "होडी कुठपर्यंत आली?" मी सांगायचे. वर मात्र यायचे नाहीत.

नारळी पौर्णिमेला बाबांना गावी जायचं होतं, पण डॉक्टर नाही म्हणाले. मग त्यांनी सकाळी अंघोळ करून डोक्याला लाल टोपी घातली, टीव्हीसमोर पाट मांडायला लावला आणि त्यावर नारळ ठेवला. मी हसले नाही. नमस्कार करून झाल्यावर त्यांनी मासेमारीचा गेम मागितला. डिस्कवरून मी तो काढला नव्हता. उजव्या हाताने त्यांनी गळ टाकला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि मासा लागला. केवढासा होता. बाबा इतक्या जोरात ओरडले, की खाली कोणीतरी खिडकी उघडली.

चौथ्या दिवशी गावाहून माझ्या भावाने मासळी पाठवली, आमच्याच नावेची, हंगामातली पहिली. बाबा जमिनीवर परात घेऊन बसले आणि वाटे करू लागले. दोनच वाटे. दुसरा कोणाचा, मी विचारलं.

"ज्याची होडी हाय त्याचा. खालच्याचा. वाटा दिल्याबिगर कसं चालंल?"

मी पिशवी घेतली. देऊन येते, म्हटलं.

"नाय," बाबा म्हणाले. "त्याला वर बोलाव. मासा काय वाऱ्यावरून नाय पाठवत. वाटा हातानं द्यायचा असतो."

मी चाचांना बोलावलं. ते आले आणि दारातच, चपलांच्या रॅकपाशी थांबले. बाबांनी उजव्या हाताने पापलेट उचललं. अर्ध्यावर ते निसटून पडलं. मी पुढे झाले, तशी चाचांनी मान हलवून मला थांबवलं. बाबांनी ते पुन्हा उचललं, या वेळी शेपटीकडून घट्ट धरून, आणि चाचांच्या ओंजळीत ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. पूर्ण वाटा होईपर्यंत असंच.

"इतके दिस खालूनच धाडत व्हतास," शेवटी बाबा म्हणाले. "वर का नाय आलास?"

"तुमच्या बोलावण्याची वाट बघत होतो, दादा."

बाबांनी इकडे तिकडे पाहत खांद्यावरचा टॉवेल शोधला. त्याला हात पुसले, दोन्ही, आणि तो चाचांच्या पुढे धरला.