लाल दोऱ्याचा कोंबडा

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. वेळ लक्षात आहे, कारण गॅसवर दूध ठेवून मी घड्याळ पाहिलं आणि खुराड्यातून चिवचिव आली. कोंबड्या पाळणाऱ्यांकडे किस्से खुराड्यातल्या घाणीसारखे साचतात. आज झाडले तरी उद्या तेवढेच. त्यातले काही आज सांगते, कारण शेवटच्यात मला तुमची मदत लागणार आहे.

आम्ही तिघंच. मी बेसाची, शीलाताई काटोलच्या आणि धनराजभाऊ कामठीचे. तिघंही मॅरन्स जातीच्या कोंबड्या पाळतो. जात परदेशातली. कोंबडा काळा, मानेवर तांब्याचा रंग, पायांवर पिसं, डोळे नारिंगी. आणि अंडं गडद चॉकलेटी. अंडं जितकं गडद, तितकी जात चांगली.

*

माझी सुरुवातीची सहा अंडी शीलाताईंनी कोंड्याच्या डब्यात घालून काटोलहून बसनं आणली. पाच गडद, एक दुधाच्या चहासारखं फिकं. ते फक्त सहा पुरे करायला घातलेलं.

बसमध्ये शेजारच्या बाईनं डब्यात वाकून पाहिलं. "काहून वं ताई, अंड्याले रंग देला काय?"

"नाही वं," शीलाताई म्हणाल्या. "आमच्या कोंबड्या कॉफी पेतात."

ती बाई काटोलचा पत्ता घेऊनच उतरली.

*

ती अंडी मी गावरान कोंबडीखाली उबवायला ठेवली होती. त्या सकाळी कोणतं पिल्लू कोणत्या अंड्यातून निघतं ते पाहत मी खुराड्यापाशी बसून राहिले. दूध उतू गेलं. चार पिल्लं निघाली, तीन गडद अंड्यांतून आणि एक फिक्यातून.

हे पाहणं का गरजेचं, ते धनराजभाऊंनी आधीच सांगितलं होतं. "कोंबडी अंडं देऊन तरी दाखवते. कोंबडा काय दाखवणार? तो कोणत्या अंड्यातून निघाला, तेवढाच त्याचा दाखला."

म्हणून गडद अंड्यातल्या पिल्लांच्या पायात मी लाल दोरा बांधला, फिक्यातल्याच्या पायात पिवळा. दोन महिन्यांनी कळलं की दोन कोंबडे आहेत, एक लाल दोऱ्याचा, एक पिवळ्याचा. दिसायला हुबेहूब सारखे.

पाय जाड झाले म्हणून एकदा दोघांचे दोरे सोडून मी नवे कापत होते. सासूबाई बाजेवरून म्हणाल्या, "पिवळ्यावाल्याले चांगलं खाऊ घाल वं. त्याचा सावजी रस्सा करू." तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मी आत जाऊन आले तर माझ्या साडेतीन वर्षांच्या स्वरानं दोन्ही दोरे बांधून ठेवले होते, गाठीसकट.

"मम्मी, मी बांधून देले."

मी तिचा पापा घेतला. शीलाताईंना फोन करून सांगितलं, पोट्टी माझ्यापेक्षा हुशार आहे.

*

रस्सा काही झाला नाही. स्वराला दोन दिवस ताप होता आणि तापात मला कशालाही सुरी लावायची भीती वाटते. यांनी पिवळ्या दोऱ्याचा कोंबडा कामठीच्या बाजारात नेऊन विकला. घेणाऱ्या माणसानं सांगितलं, घरच्या कोंबड्यांत सोडीन म्हणून.

"कोण होता?" मी विचारलं.

"सायकलवाला होता."

कामठीत सायकलवाले किती, ते तुम्हीच मोजा.

*

लाल दोऱ्याच्या दोन्ही कोंबड्या अंड्यावर आल्या. अंडी काय सांगू, चिंचोक्यासारखी गडद. हिवाळ्यात धनराजभाऊंच्या अंगणात तपासणी असते, तिथे न्यायला मी सहा निवडून टोपलीत ठेवली. सकाळी पाहते तर चट्टेपट्टे. या अंड्यांचा रंग वरवर बसलेला असतो, घासला की निघतो.

सासूबाई राख आणि काथ्या घेऊन मोरीवर बसल्या होत्या. "चार लोकांत नेऊन राहिली तू. असा मळ घेऊन जाते काय कोणी?"

तशीच नेली. धनराजभाऊंनी एकेक अंडं उन्हात धरलं. "सासूबाईंचे हात दणकट आहेत," म्हणाले, आणि टोपली बाजूला सरकवली.

*

त्याच दिवशी कोंबडाही तपासला. धनराजभाऊंनी अर्धी जिंदगी पॉवरलूमवर काढली. पंख असा उघडतात, जसा लुगड्याचा पदर पाहून राहिले. तुरा, डोळे, पाय, सगळं झालं. पंखातल्या एका पिसावर ते थांबले. बोटाला थुंकी लावून पीस चोळलं. बोट काळं झालं.

"याचं वय काय म्हणता?"

"आठ महिने."

"आणि आतापासून कलप?"

मला काहीच माहीत नव्हतं. मागे वळून पाहिलं तर आमचे हे चपलेकडे पाहत उभे. पंखात एक पांढरं पीस होतं, या जातीत ती खोट. ते दिसलं तर बायको रडेल म्हणून त्यांनी रात्री आपल्या डोक्याचा कलप कोंबड्याला लावला होता.

धनराजभाऊ हसले नाहीत. "रूपात नापास. पण दोरा लाल आहे, म्हणजे रक्त चांगलं आहे. याच्या पोरींचं अंडं पाहू. गडद निघालं तर पास."

घरी येताना हे म्हणाले, "आईच्यानं जिना चढवत नाही. खुराड्याच्या जागेवर खाली मोरी करायची आहे. त्या पोरींचं अंडं होईपर्यंत थांबतो. फिकं निघालं तर मग तू काही म्हणू नको."

मी हो म्हणाले. सासूबाईंचे गुडघे मी पण पाहते.

*

त्याची पिल्लं निघाली, वाढली. पोरी अंड्यावर आल्या तो परवाचा दिवस. पहिलं अंडं हातात घेतलं. दुधाच्या चहासारखं फिकं.

"आई, तुम्ही घासलं काय?"

"या बारीले हातच नाही लावला वं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता.

दुसरीचं फिकं. तिसरीचं त्याहून फिकं. धनराजभाऊ कामठीहून आले. अंडी पाहिली, कोंबडा पाहिला, मग मला विचारलं, "दोरा तुम्हीच बांधला होता ना?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. स्वरा ओट्यावर बसून त्याच कोंबड्याला भात चारत होती. ती त्याला लाडू म्हणते.

"स्वरा," मी म्हणाले, "तू दोरे बांधले होते, आठवते?"

"हो."

"लाल कोणाले बांधला?"

"लाडूले."

"काहून?"

ती माझ्याकडे पाहायला तयार नव्हती. "आजी म्हणे, पिवळ्याचा रस्सा करू."

"म्हणजे गडद अंड्यातला बाजारात गेला," धनराजभाऊ म्हणाले. लाडू भात खात राहिला.

सोमवारी खुराडं पाडून मोरी करायला गवंडी येतो आहे. तुमच्यापैकी कोणी कामठीच्या बाजूला जात असेल तर पाहा. काळा कोंबडा, मान तांब्याची, पायांवर पिसं, डोळे नारिंगी. पायात पिवळा दोरा असेल, कदाचित तुटलाही असेल. मालकाला म्हणावं कापू नको, बेसाहून एक बाई येते आहे. बदल्यात माझ्याकडचा पाहिजे तो पक्षी घेऊन जा, लाडू सोडून. एवढं चार जणांना सांगा.