गायकवाड गुरुजींचा रेषाखंड

शाळेत नोकरी केलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. तुम्ही मुकाट शिकवत असता आणि ते खडूच्या भुकटीसारखे अंगावर साचत जातात. आम्ही जुने सोबती भेटलो, की चहा यायच्या आधीच कुणीतरी म्हणतं, "बाई, तो रेषाखंडाचा सांगा ना!" आता एक असता तर सांगितला असता. आमच्या शाळेत रेषाखंडाने जेवढं हसवलं, तेवढं अख्ख्या गॅदरिंगने हसवलं नाही!

अहमदपूर तालुक्यातलं खेडं. शाळा सातवीपर्यंत. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला आणि पावसाने पाठ फिरवलेली. बिराजदार सर मुख्याध्यापक, मी मराठीला आणि गणिताला गायकवाड गुरुजी. गुरुजींचा भूमितीवर भारी जीव. पोरांचा तेवढा नव्हता.

*

"रेषा दोन्हीकडं जातच राहते, तिला टोक नाही. रेषाखंडाला दोन टोकं, म्हणून तो मोजता येतो." हे समजावं म्हणून गुरुजींनी शाळेच्या आडाचा दोरच वर्गात आणला. एक टोक एका पोराच्या हातात, दुसरं दुसऱ्याच्या. "हा काय?"

"रेषाखंड!" वर्ग दणाणला. गुरुजी खूश!

पुढे महिन्याभराने उजळणी. पुन्हा तोच दोर. "हा काय?" पोरांनी दोर खालीवर न्याहाळला. शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला, "गुरुजी, आता ही रेषा झाली वाटतं."

"ती कशी रे?"

"आडाचं पाणी लई खाली गेलं. दर बाजाराला दोराला तुकडा जोडायलोत. ह्याला आता टोक दिसंना!"

गुरुजींनी दोर गुंडाळला आणि म्हणाले, "चला, गुणाकार घेऊ."

*

जिल्हा नवा झाला, पण ऑफिसातला नकाशा जुनाच. नवा कधी येईल, कुणाला ठाऊक! बिराजदार सर म्हणाले, "गुरुजी, तुमचा हात सरळ आहे. यावरच लातूर जिल्हा काढा."

हात सरळ होता हीच पंचाईत. खऱ्या हद्दी नदीनाल्यांसारख्या वाकड्यातिकड्या. गुरुजींना वाकडं सोसत नसे. त्यांनी पट्टी लावली आणि सगळा जिल्हा रेषाखंडांत बसवला. लाल शाईत, एकदम ठसठशीत.

सरांनी चष्मा लावून नकाशावर बोट फिरवलं. मग ओरडलेच, "अहो गुरुजी! देवणीकडची माझी सासुरवाडी कर्नाटकात गेली की!"

गुरुजी घाबरले. "खोडून आत घेऊ का सर?"

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. म्हणाले, "राहू द्या."

*

शाळेत मोठी लाकडी पट्टी एकच. तिचा सुरुवातीचा भाग मोडलेला, आकडे थेट दहापासून. कुणाच्या पाठीवर मोडली, ते आता विचारू नका. गुरुजी पोरांना सांगून थकायचे, "शेवटचा आकडा वाचायचा आणि त्यातून दहा वजा करायचे. रेषाखंडाचं सुरुवातीचं टोकही बघत जा रे!"

पोरं शिकली. बिराजदार सर त्या तासाला नव्हते. त्यांनी वर्गाच्या दाराचं माप जुन्या कागदावरून उतरवलं आणि सुताराला फळ्या मोजून कापायला हीच पट्टी दिली. दार आलं, बसलं, आणि खालून वीतभर फट! गावातलं एक कुत्रं रोज दुपारी त्या फटीतून आत येऊन गार फरशीवर झोपू लागलं.

सर म्हणाले, "हाकला त्याला."

गुरुजी म्हणाले, "असू द्या सर. पोरं माझं ऐकताना झोपतात, हे झोपून ऐकतंय!"

*

एकदा गुरुजी शिकवत होते, "रेख एबी म्हणा, नाहीतर रेख बीए म्हणा, रेषाखंड एकच. समजा ए म्हणजे आपलं गाव, बी म्हणजे अहमदपूर. इकडून मोजा की तिकडून, सारखंच."

गंगासागर उठली. सातवीतली, वर्गात सगळ्यांत हुशार, बोलायला फटकळ. "न्हाई गुरुजी, सारखं न्हाई. जाताना सकाळची एस्टी हाय, येताना न्हाई!"

वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. कारण तिच्या शिक्षणाचं घोडं तिथंच अडलं होतं. आठवीसाठी अहमदपूर, आणि संध्याकाळी परतायला गाडी नाही. तिचे वडील शेषेराव स्पष्ट म्हणाले होते, "बाई, गावात आठवी उघडली तर शिकंल. न्हाई तर घरीच बसंल." मला त्या पोरीचं फार वाईट वाटायचं.

आठवी उघडायला खोली हवी. रिकामी खोली गावात एकच, शाळेला लागून असलेलं सरपंच माणिकरावांचं गोदाम. सर कितीदा गेले! प्रत्येक वेळी उत्तर एकच, "पाऊस पडला की ज्वारी ठिवावी लागंल, सर. बघू." आभाळात ढगाचा पत्ता नाही, आणि यांची ज्वारी!

*

शेवटी लातूरहून शिक्षण खात्याचे साहेब पाहणीला आले. वर्ग बघायचा, खोली बघायची आणि आठवी द्यायची की नाही ते ठरवायचं. शेजारच्या खुर्चीत सरपंच माणिकराव, कडक इस्त्रीत. खिडकीबाहेर शेषेराव.

साहेबांनी नेमका रेषाखंडच काढला. "रेषाखंडावर बिंदू किती?"

"असंख्य!" पाठ होतं सगळ्यांना.

"पण दोन्हीकडून टोकं बांधलेली. एवढ्याशा जागेत असंख्य मावतात कसे?"

गायकवाड गुरुजींच्या कपाळावर घाम. बिराजदार सर माझ्याकडे बघतात, मी खाली. तेवढ्यात गंगासागर उभी राहिली.

"साहेब, टँकरची रांग बगा. टँकर कवा येईल नेम न्हाई, म्हणून आमी घागरी ठिवून जागा धरतो. पयली घागर नळीपाशी, शेवटची माजी. दोन्ही टोकं जागच्या जागी. पर मधल्या कुठल्याबी दोन घागरीत आनखी एक घागर येती. मग तिच्या आन पुढचीच्या मधी आनखी एक. मावत्यात की! सकाळधरनं बसलं तरी माजा नंबर येत न्हाई."

साहेब टेबलावर थाप मारून हसले. "वा! मी कॉलेजात शिकलो तेव्हाही मला असं कुणी सांगितलं नव्हतं. पण काय गं, मधे घागरी घालतं तरी कोण?"

गंगासागरने नुसतं बघितलं. तिच्या मागे अख्ख्या वर्गाने बघितलं. खिडकीतून शेषेरावांनीही बघितलं. सगळ्यांच्या नजरा खुर्चीतल्या माणिकरावांवर!

माणिकराव ताडकन उठले. "साहेब, ते... ते आठवीच्या खोलीचं सांगायचंच राहिलं! माझं गोदाम देऊन टाकतो की. आत्ता, या घडीला! लिहून घ्या!"

बिराजदार सरांनी इतक्या चपळाईने कागद पुढे केला, की मी त्यांना तसं हलताना कधी पाहिलं नव्हतं. माणिकरावांनी सही केली. साहेब म्हणाले, "झालं तर मग! आठवी मंजूर. बस बाळ."

खिडकीत शेषेरावांनी डोळे पुसले. गुरुजींनी घाम पुसला.

गंगासागर बसली नाही. माणिकरावांकडे बघत म्हणाली,

"आन मधल्या घागरी?"