नातीचा अंगरखा मी धुतला

बायांनो, पहिले आली ते कॉलेजची मॅडम, तिच्यामागून अजून दोघी. यवतमाळहून आल्या, माह्या नातीनं, रेणूनं शिवलेला जुन्या काळासारखा अंगरखा प्रदर्शनासाठी पाहाले! खुशीत मी पोहे टाकले, शेंगदाणे मात्र कमी पडले.

रेणूनं तो आठ दिवस चहाच्या पाण्यात भिजवून, उन्हात वाळवून जुना केलता. मले ते ठाऊक नव्हतं, वाटलं मळला. त्या येण्याआधी सकाळीच साबणानं घासून पांढराशुभ्र केला.

मॅडम म्हणाली, "हा तर नवाच दिसतो. असा नाही चालणार."

"आजीनं मायेनं धुतला," रेणू एवढंच बोलली.

लाजेनं माही मान वर होईना. आधी मीच तिले म्हणत होती, "जुने कपडे शिवणं हे सोंग हाय, कला कायची?"

आता तो अंगरखा परत भिजवाले मीच मोठ्या पातेल्यात, गंजात, चहा उकळून राह्यली. तुमीच सांगा, कला नाही तं काय हे?

मॅडम पुढच्या गुरुवारी परत पाहाले येतो म्हणाली.